शस्त्र, जुलूम आणि घटनात्मक संरक्षण

जुलमी राजसत्तेपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी प्रजेच्या हाती शस्त्र असले पाहिजे, हा विचार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जितका खोल रुजला आहे तितका अन्यत्र क्वचितच आढळेल. १७९१ साली तेथील घटनेला जोडलेल्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला. त्यापूर्वी १७८८ मध्ये जेम्स मॅडिसन यांनी असे प्रतिपादन केले होते की, केंद्र सरकार उन्मत्त झालेच तर त्याच्या खड्या फौजेपेक्षा राज्यांच्या सशस्त्र नागरिक-सेना संख्येने कितीतरी भारी ठरतील. बंदुकीचे पुरस्कर्ते आजही हाच युक्तिवाद पुढे करतात.

या युक्तिवादाची परीक्षा करावयाची, तर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खरोखरचा जुलूम भोगला त्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाकडे वळले पाहिजे. मॅडिसन स्वतः गुलामांचे मालक होते. आणि दक्षिणेतील ज्या नागरिक-सेनेचा एवढा गौरव होतो, तिचा उपयोग गुलामांवर पहारा ठेवण्यासाठीही होत असे. १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश टॉनी यांनी कृष्णवर्णीयांना नागरिक मानण्यास नकार दिला. तसे मानले तर त्यांना वाटेल तेथे शस्त्र घेऊन फिरण्याचाही हक्क द्यावा लागेल, ही भीती त्यांनी निकालपत्रातच नमूद केली आहे. गुलामगिरी १८६५ साली संपली, आणि त्याच वर्षी मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्या लोकांना परवान्यावाचून बंदूक व दारूगोळा बाळगण्यास बंदी केली. हक्क सर्वांचा असे लिहिणे सोपे. तो कोणाला वापरू द्यावयाचा, हे ठरविणारे हात निराळे असतात.

तरीही शस्त्र हाती आले, तेव्हा काय घडले? लुइझियाना राज्यातील कोलफॅक्स या गावी, निवडणुकीच्या निकालावरून वाद पेटला असता कृष्णवर्णीयांनी न्यायालयाची इमारत राखण्यासाठी शस्त्रे घेतली. १३ एप्रिल १८७३ रोजी गोऱ्यांचा सशस्त्र जमाव तोफ घेऊन चालून आला. इमारतीला आग लावण्यात आली आणि शरण आलेल्यांनाही ठार करण्यात आले. मृतांची संख्या साठपासून दीडशेपर्यंत सांगितली जाते. पुढे १८७६ मध्ये क्रुइकशँक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, दुसरी दुरुस्ती केवळ केंद्रीय कायदेमंडळाला बांधते आणि चौदावी केवळ राज्यांना. खाजगी व्यक्तींना नव्हे. परिणामी दोषी ठरलेले मोजके आरोपीही सुटले. १८९८ साली नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन शहरात तर सशस्त्र गोऱ्यांनी रीतसर निवडून आलेले नगरशासन बळाने उलथवून टाकले. सरकारविरुद्ध नागरिकांनी बंदूक उचलण्याचा हा नमुना होय. त्यातून जुलूम संपला नाही. तो सुरू झाला.

शस्त्राने काहीच साधले नाही, असे म्हणणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. लुइझियानातच जोन्सबरो येथे १९६४ साली ‘डीकन्स फॉर डिफेन्स’ ही कृष्णवर्णीयांची संघटना उभी राहिली. तिच्या सदस्यांनी बंदुका घेऊन वस्त्यांवर रात्रीचे पहारे दिले आणि चळवळीतील कार्यकर्त्यांचे प्राण राखले. मार्टिन ल्यूथर किंग यांनीसुद्धा १९५६ मध्ये घरावर बाँब पडल्यानंतर शस्त्रपरवान्यासाठी अर्ज केला होता. तो फेटाळण्यात आला. १९६६ साली ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. आपल्याकडील १९७२ च्या दलित पँथरने नाव घेतले ते त्याचेच. या पक्षाचे तरुण तत्कालीन कायद्याच्या चौकटीत राहून उघडपणे भरलेल्या बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागताच कॅलिफोर्नियाचा कायदाच बदलला. १९६७ च्या त्या विधेयकावर स्वाक्षरी करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन.

वस्तुतः दक्षिणेतील जुलमाला खीळ बसली ती बहिष्कार, सत्याग्रह, न्यायालयीन लढे आणि १९६४-६५ चे नागरी हक्क व मतदानाचे कायदे यांनी. १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पोहोचविले ते केंद्राच्या खड्या फौजेने. म्हणजे मॅडिसन ज्या फौजेचा धाक घालत होते, नेमक्या तिनेच. उलटपक्षी, १८७७ मध्ये दक्षिणेतील केंद्रीय सैन्याचे संरक्षण काढून घेतले गेले तेव्हा तेथील कृष्णवर्णीय उघडे पडले. त्यांच्यावरील जुलमाची सूत्रे राजधानीपेक्षा राज्य सरकार, गावचा शेरीफ आणि शेजारचा जमीनदार यांच्या हाती अधिक होती. या जुलमाचे स्वरूप आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

हाच प्रश्न आपल्या घटना समितीपुढेही आला होता. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचविली. तिला काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावाचा आधार होता, आणि त्या ठरावामागे १८७८ च्या ब्रिटिश शस्त्रकायद्याविषयीची चीड होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही दुरुस्ती स्वीकारली नाही. प्रत्येकाला बाजारात जाऊन वाटेल ते शस्त्र विकत घेता येऊ लागले, तर राज्यकारभार चालावयाचा कसा, असा त्यांचा सवाल होता. त्याच महिन्याच्या ९ तारखेला त्यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे थेट दाद मागण्याच्या तरतुदीला (आजचे कलम ३२) घटनेचा आत्मा म्हटले. नागरिकाच्या हाती त्यांनी काय दिले, हे या दोन भाषणांतून दिसते. कलम १९ मध्ये एकत्र जमण्याचा हक्क आहे तोही शांततेने व विनाशस्त्र.

तथापि आपल्या कायद्याने दुर्बलाला शस्त्र सर्वस्वी नाकारलेले नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांतील तिसरा नियम पाहावा. अत्याचारप्रवण क्षेत्रात शासनाला अनुसूचित जाती-जमातींबाहेरील व्यक्तींचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे सरकारजमा करता येतात आणि बेकायदा शस्त्रे जप्त करता येतात. त्यानंतर, आवश्यक वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना परवाने देता येतात. हा क्रम अर्थपूर्ण आहे: आधी अत्याचार करणाऱ्याचे हात रिकामे करावयाचे. याच नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावयास हवी. आपल्या जिल्ह्यात तिसऱ्या नियमाखाली आजवर किती परवाने रद्द झाले, हा प्रश्न त्या बैठकीत लेखी विचारता येतो.