पवनार ते पवनार : विनोबांच्या पदयात्रेच्या दोन परती

भूदानाच्या काळात विनोबा भावे धाम नदीकाठच्या पवनार आश्रमात पायी दोनदा परतले. पहिली परती २७ जून १९५१ ची, जेमतेम पावणेचार महिन्यांनंतरची. दुसरी १० एप्रिल १९६४ ची. तिच्याआधी साडेबारा वर्षांहून जास्त काळ त्यांचा मुक्काम रोज नव्या गावात पडत होता.

पहिल्यांदा निघताना भूदान, म्हणजे भूमिहीनांसाठी जमिनीचे दान, ही कल्पनाच नव्हती. हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन भरणार होते आणि मार्च १९५१ मध्ये विनोबांनी तिथवरचे सुमारे तीनशे मैल चालत जायचे ठरवले. परतीची वाट मात्र त्यांनी तेलंगणातून धरली. तिथे जमीनदार आणि कम्युनिस्ट यांच्या संघर्षात गावे होरपळत होती. १८ एप्रिलला पोचमपल्लीत हरिजन कुटुंबांनी कसण्यासाठी ऐंशी एकर जमीन मागितली. सभेतच वेदिरे रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि शंभर एकर देतो म्हणाले. घरी परतण्याच्या वाटेवर मिळालेले हे दान पुढच्या सगळ्या चालण्याचे कारण ठरले. तेलंगणातील एक्कावन्न दिवसांत बारा हजारांवर एकर जमीन जमा झाली आणि विनोबा पावसाळ्याच्या तोंडावर पवनारला पोचले.

विसावा अडीच महिन्यांचाच मिळाला. नियोजन आयोगाशी चर्चा करण्यासाठी नेहरूंनी दिल्लीला बोलावले. विनोबा १२ सप्टेंबरला पायीच निघाले आणि दोन महिन्यांनी राजघाटावर पोचले. तिथून उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओरिसा, आंध्र, तमिळनाडू, केरळ, कर्नाटक अशी वाट लांबतच गेली.

या काळात घर म्हणजे पडाव. पहाटे तीनला उठायचे, प्रार्थना उरकायची आणि अंधारातच कंदिलाच्या उजेडात चालू लागायचे. दहा-बारा मैलांवरच्या पुढच्या गावाच्या वेशीवर माणसे वाट पाहत उभी असत. शाळा, धर्मशाळा किंवा एखाद्याची ओसरी म्हणजे त्या दिवसाचा आश्रम. पोटाच्या जुन्या दुखण्यामुळे विनोबांचा आहार दूध-दह्यावर आणि थोड्या मधावर चाले. संध्याकाळी प्रार्थनासभा होई आणि मग दानपत्रे भरली जात : नाव, गाव, जमिनीचा नंबर, क्षेत्र, खाली सही नाहीतर अंगठा. दोन-चार गुंठे देणारा गरीबही त्या रांगेत असे आणि विनोबांना त्याच्या दानाची किंमत मोठ्या जमीनदाराच्या दानाइतकीच वाटे. यात्रेची खरी पुंजी हीच माणसे होती. नोव्हेंबर १९५६ मध्ये तमिळनाडूतील पळणीला भूदान समित्या विसर्जित करून गांधी स्मारक निधीचा पैसा घेणे थांबवण्याचा निर्णय झाला, तेव्हा तर चळवळ पूर्णपणे त्यांच्याच भरवशावर सोपवली गेली. पुढे घरोघरी ठेवलेल्या सर्वोदय पात्रात मूठभर धान्य टाकणारी घरे हाच आधार धरला गेला.

सुखरूप परतण्याची हमी या वाटेवर कुणी देऊ शकत नव्हते. डिसेंबर १९५२ मध्ये बिहारातील चांडिल येथे मलेरियाने त्यांना गाठले. आधी औषध नाकारले, प्रकृती हाताबाहेर जाऊ लागल्यावर सहकाऱ्यांच्या आणि नेत्यांच्या आग्रहाखातर घेतले. १९ सप्टेंबर १९५३ रोजी देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात हरिजनांसह जाताना पंड्यांनी मारहाण केली. त्यात विनोबांच्या कानाला इजा झाली. मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. त्याच विनोबांना मे १९५८ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाने वेगळ्या धर्मांच्या सहकाऱ्यांसह आत घेतले. महाराष्ट्राने आपल्या या सुपुत्राला दिलेले याहून मोठे काही सांगता येणार नाही.

१९५९ मध्ये काश्मीरच्या वाटेवर पीर पंजालच्या पायथ्याशी पावसाने दिवसेंदिवस अडवून धरले. पाऊस थांबला नाही तर ती ईश्वराची इच्छा मानून मागे फिरायचे, असे त्यांनी ठरवले होते. पाऊस थांबला आणि साडेतेरा हजार फुटांची खिंड ओलांडून ते खोऱ्यात उतरले. पुढल्या वर्षी चंबळमध्ये दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. १९६१ पासून आसामात आणि सप्टेंबर १९६२ मध्ये पूर्व पाकिस्तानातही यात्रा गेली. तिथल्या शेतकऱ्यांनीही जमीन दिली.

मिळालेल्या जमिनीचा आकडा अखेर चाळीस लाख एकरांवर गेला. त्यातली बरीच पडीक निघाली, काही वादात अडकली आणि फार मोठा भाग वाटलाच गेला नाही. पुढे चालत राहणाऱ्या यात्रेला मागच्या गावात पुन्हा जाता येत नव्हते. दानपत्र लिहून देणारा आणि जमिनीची वाट पाहणारा, दोघेही मागेच राहिले; त्यांच्याकडे परत जाण्याचे काम तलाठी, भूदान मंडळे आणि स्थानिक कार्यकर्त्यांवर पडले आणि ते सगळीकडे सारख्या निष्ठेने झाले नाही. या चळवळीतली सर्वांत दुखरी जागा तीच आहे.

एप्रिल १९६४ मध्ये विनोबा पवनारला आले, तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. ते सोडून गेले तेव्हाचा आश्रम आता तसा राहिला नव्हता. मार्च १९५९ मध्ये, ते दूर वाटेवर असतानाच, तिथे भगिनींचे ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले होते. शेती, सफाई, स्वयंपाक आणि उपासना सामूहिकपणे करणारा तो समूह होता. जमीन खणताना सापडलेले भरत-राम भेटीचे शिल्प मात्र होते तिथेच होते : चौदा वर्षांच्या वनवासानंतर भावाला कवेत घेणारा राम.

१९६५ मध्ये ग्रामदानासाठी, म्हणजे गावाची जमीन गावसमाजाच्या मालकीची व्हावी यासाठी, ते पुन्हा बिहारला गेले, या वेळी मोटारीने. तिथून १९६९ च्या अखेरीस ते वर्ध्याकडे आले, पुढच्या वर्षी पवनारला स्थिरावले आणि ऑक्टोबर १९७० मध्ये त्यांनी क्षेत्रसंन्यास, म्हणजे एकाच जागी राहण्याचे व्रत, घेतला. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी धामकाठच्या त्याच आश्रमात त्यांनी देह ठेवला.