न्यायालयाच्या दप्तरातील पूर्वज

अमेरिकेत आपल्या घराण्याचा मागोवा घेऊ पाहणारा मनुष्य प्रथम खानेसुमारीकडे वळतो. परंतु १८९० च्या खानेसुमारीचे कागद १९२१ मध्ये वॉशिंग्टन येथे लागलेल्या आगीनंतर जवळजवळ नामशेष झाले, आणि ज्या खानेसुमाऱ्या उरल्या त्या घरातील माणसे मोजतात, त्यांच्यातील तंटे व जिव्हाळा सांगत नाहीत. तो वृत्तान्त काउंटी न्यायालयाच्या दप्तरात, मृत्युपत्रांत, वाटणीच्या दाव्यांत, अज्ञान मुलांच्या पालकनाम्यांत आणि साक्षीदारांच्या जबान्यांत सापडतो.

या साऱ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती मयताच्या जंगम मिळकतीची यादी. न्यायालयाने नेमलेले गृहस्थ त्याच्या घरी जाऊन नांगर, दुभती गाय, चरखा, पिसांची गादी असे एकेक जिन्नस किमतीसह टिपून घेत. आणि दक्षिणेकडील राज्यांत, १८६५ पूर्वी, त्याच यादीत गुरांच्या खालोखाल गुलाम स्त्रीपुरुषांची नावे व त्यांचे मोल लिहिलेले असे. १८५० व १८६० च्या खानेसुमारीत गुलामांचे बहुधा केवळ वय, लिंग व वर्ण नोंदलेले असल्यामुळे, आपली पणजी शोधणाऱ्या वंशजाला तिचे नाव मालकाच्या वाटणीपत्रातच गाठावे लागते, आणि ती एका वारसाकडे व तिचे मूल दुसऱ्याकडे गेल्याची नोंदही तेथेच वाचावी लागते. हे वाचन क्लेशदायक खरे. तथापि त्यावाचून त्या कुटुंबाचा इतिहास लिहिताच येत नाही.

या दप्तराच्या अनुक्रमणिकेत बहुधा वादी-प्रतिवादींचीच नावे असतात. जामीन राहिलेला मेहुणा किंवा साक्ष देणारी शेजारीण हवी असल्यास मिसल आद्यंत चाळली पाहिजे. शिवाय काउंटीचे विभाजन झाले असल्यास जुने कागद सहसा मूळ काउंटीतच राहतात.

नागरिकत्वाचे अर्जही राज्यांच्या न्यायालयांत चालत. अहमदाबादेत जन्मलेले वकील सखाराम गणेश पंडित यांना १९१४ मध्ये नागरिकत्व दिले ते लॉस एंजेलिस काउंटीच्या सुपीरियर कोर्टाने. पुढे १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या नागरिकत्वाच्या ज्या खटल्यात पंडित स्वतः वकील होते, त्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी लोक नागरिकत्वाच्या कायद्याच्या अर्थाने गोरे नव्हेत, म्हणून नागरिकत्वास पात्र नाहीत, असे ठरविले, आणि सरकारने पंडितांचेही नागरिकत्व रद्द करण्यासाठी दावा लावला. तेव्हा १९२६ मध्ये अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की, काउंटीच्या ज्या निकालाविरुद्ध सरकारने मुदतीत अपील केले नव्हते, तो आता सरकारवरही बंधनकारक आहे.