सहलीची बॅग आणि तिची राखण

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. एका सोमवारी सकाळी घोटीतले एक भातगिरणीवाले शेठ माझ्या दवाखान्यात आले. मान डावीकडे वळत नव्हती, डावा खांदा आखडला होता आणि हाताच्या बोटांना मुंग्या येत होत्या. सोबत त्यांच्या आई होत्या, वय ६८. उभे राहिले की त्यांना घेरी येत होती. लघवीला जळजळ आणि अंगात कणकणही होती. आदल्या दिवशी सगळे कुटुंब मुंबईकडच्या एका मनोरंजन उद्यानात जाऊन आले होते. पहाटे साडेचारला निघून कसारा घाट उतरायचा, दिवसभर पाळणे आणि झुले, रात्री अकराला परत घरी, असा कार्यक्रम.

दोघांची तक्रार वेगळी, म्हणून दोघांना वेगवेगळे तपासले. पण दिवसभराची हकीकत विचारता विचारता लक्षात आले की, दोघांच्या दुखण्याचे मूळ एकच होते. ते म्हणजे कॅमेऱ्याची बॅग.

आपल्या भागातून अशा सहली आता काही नव्या नाहीत. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, १९९८ साली त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आले आणि २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका. मुलांची परीक्षा संपली की, घरोघरी बेत ठरतो. कपडे, डबे, गाडी यांचा विचार आठ दिवस आधी होतो. बॅगेचा मात्र कोणी करत नाही. घरात असेल ती, आणि बहुधा सर्वांत मोठी, बॅग उचलली जाते.

साडेसात किलो

मी शेठना म्हटले, "बॅग काल नेली होती तशीच भरा, गिरणीतल्या काट्यावर ठेवा आणि वजन मला कळवा." दुपारी निरोप आला, साडेसात किलो.

हिशेब सोपा आहे. कॅमेरा आणि त्याची नेहमीची लेन्स मिळून ७०० ग्रॅम. लांबचे टिपणारी दुसरी लेन्स ५०० ग्रॅम. फ्लॅश ४०० ग्रॅम. तिपाई दीड किलो. चार्जर, जादा बॅटरी वगैरे ३०० ग्रॅम. रिकाम्या बॅगेचेच वजन १ किलो ३०० ग्रॅम. "जागा आहेच" म्हणून ठेवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या, म्हणजे आणखी २ किलो. राहिलेले वजन छत्री, फरसाण आणि मुलांच्या टोप्यांचे. यांपैकी तिपाई आणि फ्लॅश दिवसभरात एकदाही बाहेर निघाले नाहीत.

शेठ हसून म्हणाले, "डॉक्टर, मी पन्नास किलोचं पोतं उचलणारा माणूस. साडेसात किलोनं मला काय होतंय?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे. पोते आपण पाठ, कंबर आणि दोन्ही पाय लावून उचलतो, दहा पावले नेतो आणि टाकतो. स्नायू ताणला जातो आणि लगेच सुटतो. बॅग मात्र एकाच खांद्यावर दहा तास लटकते. पट्टा घसरू नये म्हणून आपण नकळत तो खांदा वर उचलून धरतो आणि मान दुसऱ्या बाजूला कलती करतो. मानेपासून खांद्यापर्यंत गेलेला मोठा स्नायू दिवसभर आवळलेला राहतो. आवळलेल्या स्नायूला रक्त कमी मिळते, तो दुखू लागतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मान हलत नाही.

दुसरे कारण पट्ट्याचे. हाताकडे जाणाऱ्या नसा मानेतून निघून गळ्याच्या हाडाखालून, म्हणजे हासळीच्या मागून जातात. अरुंद पट्टा खांद्यात रुतला की, त्या नसांवर दाब येतो आणि हाताला मुंग्या येतात. पाठीवर भारी ओझे घेऊन लांब चालणाऱ्या सैनिकांमध्ये असा दाब पडून हातच दुबळा झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. या विकाराला 'रकसॅक पाल्सी' असेच नाव आहे. शेठचे दुखणे तिथवर गेले नव्हते. शेक, विश्रांती आणि मानेचे हलके व्यायाम यांनी आठवड्यात आराम पडला. मुंग्या थांबल्या नाहीत किंवा हातातून वस्तू निसटू लागली, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. डावा हात दुखतो आहे, तो बॅगेमुळेच असेल, असे स्वतःच ठरवू नका. छातीवर दडपण, घाम, दम लागणे, मळमळ यांपैकी काहीही सोबत असेल, तर तडक दवाखाना गाठावा किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शेठचाही हृदयाचा आलेख मी आधी काढला, बॅगेचे बोलणे त्यानंतर.

राखणदार आजी

आता आजींचे. उद्यानात मोठ्या झुल्यांवर सुट्या वस्तू नेऊ देत नाहीत आणि तेच योग्य आहे. मग बॅग कोणी सांभाळायची? जो झुल्यावर बसणार नाही त्याने. घरोघरी हे काम न सांगता आजीकडे येते. सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत आजी बॅग मांडीवर घेऊन बाकड्यावर बसून होत्या. झाडाची सावली दुपारी सरकली, पण जागा सोडली तर मंडळी चुकतील म्हणून त्या उन्हातच बसल्या.

मी विचारले, "आजी, दिवसभरात पाणी किती प्यालात?"

त्या म्हणाल्या, "दोन-चार घोट. जास्त प्याले तर लघवीला जावं लागंल. बॅगेत हजारोंचा माल, ती टाकून कुठं जाऊ?"

पाण्याच्या दोन बाटल्या त्यांच्या मांडीवरच होत्या.

वय वाढले की, तहान लागण्याची जाणीवच कमी होते. शरीराला पाणी हवे असते, पण घसा तसे सांगत नाही. आजींच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते. म्हणजे गोळीने पाणी गेले, घामाने गेले आणि वरून आले नाही. शरीरातले पाणी कमी झाल्याने उठून उभे राहताच रक्तदाब उतरे आणि घेरी येई. त्यातच पाणी कमी पिणे आणि लघवी तासन्‌तास अडवून धरणे, यामुळे मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होण्यास वाव मिळतो. स्त्रियांमध्ये तो सहज होतो. लघवी तपासली, औषध दिले, पाण्याचे प्रमाण ठरवून दिले. चार-पाच दिवसांत त्या बऱ्या झाल्या. पण त्या वयात घेरी येऊन पडल्या असत्या आणि खुब्याचे हाड मोडले असते, तर घरातला एक चालता माणूस अंथरुणाला खिळला असता.

म्हणून माझे सांगणे एवढेच. सहलीसाठी बॅग निवडताना पहिला प्रश्न 'यात किती मावेल' हा नसावा. 'ही कोणी राखत बसावी लागेल का' हा असावा. ज्या बॅगेपायी एक माणूस बाकड्याला बांधला जातो, ती बॅग त्या सहलीची नव्हे.

बॅग कशी असावी

१) कॅमेरा आणि एकच लेन्स मावेल एवढीच बॅग घ्यावी. भरल्यावर वजन दोन किलोच्या आत राहावे. घरी काटा नसेल तर किराणा दुकानात जाऊन वजन करावे. जागा उरली की सामान वाढते, म्हणून जागाच कमी ठेवावी. मोबाइलच्या फोटोंवर भागत असेल तर उत्तमच.

२) पट्टा किमान दोन इंच रुंद आणि आतून मऊ असावा. तो एका खांद्यावर न लटकवता डोक्यातून तिरका घालावा आणि बॅग कमरेच्या वर, अंगालगत राहील इतका आखूड करावा. तासातासाने खांदा बदलावा.

३) सामान जास्तच असेल तर दोन पट्ट्यांची पाठीवरची बॅग घ्यावी. दोन्ही पट्टे घालावेत, एक नव्हे. जड वस्तू पाठीलगत ठेवावी.

४) आत गेल्यावर सामान ठेवण्याच्या कपाटांची चौकशी आधी करावी. लहान बॅग त्यात सहज बसते. भाड्याच्या पैशांकडे पाहू नये, दवाखान्याचे बिल त्याहून मोठे होते.

५) पाणी कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नये. प्रत्येकाची बाटली प्रत्येकाजवळ असावी. गोळ्याही ज्याच्या त्याच्या खिशात किंवा बटव्यात असाव्यात. आजींच्या गोळ्या बॅगेच्या तळाशी, लेन्सच्या खाली सापडल्या होत्या.

६) मुलांच्या पाठीवर ओझे देताना शाळेच्या दप्तराचा नियम लक्षात ठेवावा. केंद्राच्या २०२० च्या धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे. २५ किलोच्या मुलाला अडीच किलो. सहलीला नियम बदलत नाही.

७) रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी दिवसभर उन्हात जाण्यापूर्वी गोळ्या आणि पाण्याचे प्रमाण याविषयी डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये.

आपल्याकडे पावसाळ्यात भावली, भंडारदरा, कळसूबाई अशा सहली निघतात. तेव्हाही हेच नियम लागू आहेत. फक्त ओली बॅग पाठीला चिकटून राहिली की कातडीला खाज आणि नायट्याला निमंत्रण मिळते, आणि लेन्सवर बुरशी धरते ती वेगळीच. घरी येताच बॅग रिकामी करून वाऱ्यावर वाळवावी.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत शेठचे कुटुंब पुन्हा सहलीला गेले. जाण्याआधी ते एक लहान बॅग घेऊन मला दाखवायला आले. गिरणीच्या काट्यावर तिचे वजन भरले १ किलो ६०० ग्रॅम. परत आल्यावर त्यांनी फोटो दाखवले. मे महिन्यातल्या तीनशे फोटोंत आजी एकाच फोटोत होत्या, कोपऱ्यात, मांडीवर बॅग घेऊन. या वेळी त्या नातवंडांबरोबर छोट्या आगगाडीत बसलेल्या होत्या. हातात स्वतःची पाण्याची बाटली होती आणि ती अर्धी झालेली दिसत होती.