बाळंतविडा, बटवा आणि खिडकीजवळचं मशीन

बाळंतविडा आता दुकानात तयार मिळतो. झबलं, टोपडं, लंगोट, दुपटं असा सगळा संच, वर सॅटिनची रिबीन. दिसतो देखणा, पण त्यातलं झबलं एकदा उलटं करून बघावं. शिवणीची कच्ची कड आतून, म्हणजे नेमकी बाळाच्या अंगाला लागणारी. गळ्याला टोचरी नायलॉनची लेस. घरोघरी बाळंतविडा शिवला जायचा तेव्हा पहिल्या झबल्याची शिवण कित्येक जणी मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवत, आणि कापड असे आजीच्या किंवा आईच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचं. अशा झबल्याला बटण नसायचं, बांधायला बंद असायचे. बाळ वाढलं की बंद थोडे सैल बांधायचे, झालं.

हातची भेटवस्तू म्हटलं की अलीकडे डोळ्यांसमोर मणी, चमक्या आणि चिकटवलेली फुलं येतात. मराठी घरातली हातची भेट मात्र बहुतेक वेळा शिवलेली आणि वापरायची असे. बाळंतविडा, बोरनहाणाचं काळं झबलं, रुखवतातली आसनं आणि रुमाल, आजोबांची पानाची चंची, लेकीबरोबर सासरी गेलेली गोधडी. त्यांतल्या निम्म्या वस्तू आजही शिवण्यासारख्या आहेत. त्यासाठी लागतं ते सामानही फार नाही.

छत्रपती संभाजीनगरात हा विषय काढायला आणखी एक कारण आहे. या शहराच्या आसपास कापड फार जुनं आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत उघड्या अंगाच्या, नेसूच्या वस्त्रातल्या माणसांच्या शेजारी शिवलेले अंगरखे, चोळ्या आणि परदेशी पाहुण्यांच्या टोप्या दिसतात; म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी इथल्या चित्रकाराला शिवणकामाची चांगली ओळख होती. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा कारागीर आले आणि त्यांच्याबरोबर हिमरू या नक्षीदार कापडाची वीणही आली, असं सांगतात. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, ती पुढे औरंगाबाद झाली आणि हिमरूचं नाव या शहराशी कायमचं जोडलं गेलं. पन्नासेक किलोमीटरवर पैठण, तिथली पैठणी तर साऱ्या महाराष्ट्राची. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. कापडगिरणी होती तो चौक अजून ‘मिल कॉर्नर’ याच नावाने ओळखला जातो. इतकं सगळं असून वाढदिवसाला इथल्या घरांतूनही चकचकीत कागदात गुंडाळलेला कॉफीचा मग जातो, याला काय म्हणावं!

आधी जागेचं बघू. सिडको-हडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात ‘शिवणाची खोली’ निघणं अवघडच, आणि तिची गरजही नाही. चार फूट लांब आणि दोन फूट रुंद एवढा कोपरा पुरतो, फक्त तो खिडकीजवळ हवा. मशीनची सुई शिवणाऱ्याच्या डाव्या अंगाला असते. म्हणून खिडकी डावीकडे आली की उजेड थेट टाक्यावर पडतो आणि उजव्या हाताची सावली आड येत नाही. त्यातही उत्तरेची खिडकी उत्तम. दिवसभर सारखा उजेड आणि मे महिन्यात पाठीवर ऊन नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी एक ते चार पश्चिमेच्या खिडकीशी बसून कोणी हौसेने शिवेल, हे काही खरं नाही. रात्री शिवायचं असेल तर छतावरच्या ट्यूबलाइटवर न भागवता सुईशेजारी वाकवता येणारा छोटा दिवा ठेवावा. काळ्या कापडावर काळा दोरा, हे काम तरीही सकाळसाठीच राखून ठेवलेलं बरं.

कापायला वेगळं टेबल असलं तर छान, नसलं तर जेवणाचं टेबल चालतं. जमिनीवर बसून कापण्यापेक्षा ते नक्कीच बरं. जमिनीवर कापड सरळ अंथरलं जातं, पण तासाभराने कंबर बोलायला लागते. उभं राहून कापायचं तर कमरेच्या थोडं वर, साधारण छत्तीस इंचांची उंची सोयीची. कैची मात्र स्वतंत्र हवी. तिने एकदा जरी दुधाची पिशवी कापली तरी ती कापड चावायला लागते, त्यामुळे घरातल्या बाकी मंडळींपासून ती लपवून ठेवावी लागते. इंची टेप, खडू, टाचण्या, उसवायची पात आणि इस्त्री. या यादीतली इस्त्री लोक विसरतात. खरं तर घरी शिवलेलं आणि शिंप्याने शिवलेलं यांतला निम्मा फरक इस्त्रीचा असतो: प्रत्येक शिवण घातल्याबरोबर ती उलगडून दाबायची, मगच पुढची घालायची. इस्त्री हजार वॅटपर्यंत वीज घेते, मशीनची मोटर शंभर वॅटच्या आसपास. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर दोन्ही लादू नयेत.

आता मशीन. ‘नवीन घेऊ की जुनं?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा माळ्यावर असतं. आई-आजीचं काळं पायमशीन धूळ खात पडलेलं असतं, त्यावर कुंड्या नाहीतर देव्हारा ठेवलेला असतो. १९३० च्या दशकात कोलकात्यात ‘उषा’ मशीन बनायला लागली. त्याआधी घराघरांत सिंगरचा दबदबा होता. यंत्रांविषयी कायम साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ मध्ये एका संभाषणात सिंगरच्या मशीनचा खास अपवाद केला होता. बायकोचे शिवणाचे कष्ट बघून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र केलं, असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षातला आयझॅक सिंगर १८५१ च्या पेटंटनंतर खटल्यांत आणि एकाच वेळी अनेक संसारांत अडकलेला गृहस्थ होता. पण यंत्र गुणी निघालं, एवढं मात्र खरं. इकडे पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९०९ पासून शिवणाचे वर्ग चालवले आणि अनेक एकाकी बायकांना त्या यंत्रावर पोट भरता आलं.

काळ्या मशीनला फक्त सरळ टाका येतो. भेटवस्तूंसाठी तेवढाच लागतो. शिवाय वीज गेली तरी ते चालतं, हा गुण इथे लहान नाही. माळ्यावरून काढल्यावर आधी जुनं, गोंदासारखं झालेलं तेल पुसायचं, प्रत्येक भोकात थेंब-दोन थेंब मशीनचं तेल सोडायचं आणि चिंधीवर हातभर शिवून बघायचं, म्हणजे जास्तीचं तेल चिंधीवर उतरतं. कातड्याचा पट्टा सैल झाला असेल तर अर्धा इंच कापून पुन्हा जोडायचा. दोरा सारखा तुटत असेल तर मशीनला दोष देण्याआधी सुई बदलावी. आठ-दहा तास शिवल्यावर सुईचं टोक बोथट होतंच. रेशमाला अकरा नंबर, सुती कापडाला चौदा, गोधडीच्या थरांना सोळा किंवा अठरा. टाक्याखाली दोऱ्याची गुंतवळ होत असेल तर लोक बॉबिन उघडून बसतात; दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. मशीनचा पाय वर उचलून तो दोरा सगळ्या अडकणांतून पुन्हा ओवला की गुंतवळ थांबते.

यानंतर येतं ते काम इथल्या लोकांना सर्वांत जड जातं. नवं सुती कापड शिवण्याआधी धुवायला हवं. पहिल्या धुण्यात ते मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर सहज आटतं. अस्तर आणि वरचं कापड वेगवेगळं आटलं की दुपट्याला सुरकुत्या पडतात आणि त्या इस्त्रीने जात नाहीत. पण ज्या शहरात जायकवाडी पन्नास किलोमीटरवर असूनही नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे न वापरलेलं कापड धुवायचं म्हटलं की घरात भुवया उंचावतात. उपाय एकच. पाणी येईल त्या दिवशी महिन्याभराचं कापड एकदम भिजवायचं, पिळायचं नाही, नितळत टाकायचं आणि किंचित ओलं असतानाच इस्त्री करायची. जुन्या साडीचा फायदा इथेही दिसतो. ती आटायची तेवढी आटून झालेली असते.

बाळंतविड्यात सुरुवातीला दुपटं घ्यावं. मऊ सुती कापडाचे दोन थर, साधारण मीटरभर चौरस. सुलट बाजू समोरासमोर ठेवून चारही कडा शिवायच्या, एका बाजूला वीतभर तोंड उघडं सोडायचं. कोपऱ्यांची जास्तीची माया तिरकी कापून तोंडातून दुपटं उलटायचं, कोपरे बोथट काडीने बाहेर काढायचे आणि कडेपासून अर्ध्या इंचावर पुन्हा एक शिवण फिरवायची. त्यातच उघडं तोंड बंद होतं. दुपारचा एक निवांत तास पुरे. कुंची याहून सोपी: लांबट कापड मधोमध दुमडायचं आणि एक लहान बाजू शिवायची, टोपी तयार, उरलेलं कापड पाठीवर झूल. कडेला खणाची पट्टी लावली की बारशातले फोटो खुलतात. मोहरीची उशी मात्र आता भेट देऊ नये. पिढ्यान्‌पिढ्या ती दिली गेली, पण वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना उशी आणि सुटी पांघरुणं नकोत, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. दुपटंही गुंडाळायला, मांडीवर घ्यायला. झोपलेल्या बाळाच्या तोंडाशी ठेवायला नाही.

गोधडीला मराठवाड्यात कुणी वाकळही म्हणतं. ती मशीनवर होते, आणि विकायला ठेवलेल्या पुष्कळशा तशाच असतात. तरीही भेट म्हणून द्यायची तर हाताचा धावदोराच हवा, असं ठाम मत इथे नोंदवायला हरकत नाही. मशीनचा टाका थरांना घट्ट आवळतो, गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. हाताचा धावदोरा सैल असतो, थरांमध्ये हवा राहते, ऊब तिथूनच येते. खाली जुनी नऊवारी, मध्ये धोतरं आणि फाटके पंचे, वर रंगांचे तुकडे. चारही बाजूंना आधी मोठे कच्चे टाके घालून थर धरायचे, मग कडेकडून आत, चौकोनात चौकोन असं दोरा फिरवत मध्यावर यायचं. मोठी गोधडी एकटीने शिवायला आठवडे लागतात. म्हणून पूर्वी चौघीजणी चार कडांना बसत, आणि टाक्यांच्या लांबीवरून कुठली कड कोणाची हे ओळखूही येई.

हिमरू आणि पैठणीकडे वळताना हात जरा जपून चालवावा लागतो. किनखापाची श्रीमंती कमी खर्चात मिळावी म्हणून सुती ताण्यावर रेशमी नक्षी उठवण्याची युक्ती म्हणजे हिमरू. पुढून वेलबुट्टी सलग दिसते, पण मागे जास्तीचे धागे मोकळे पसरलेले असतात. किल्लीचा दात किंवा अंगठी त्यांत अडकली की समोरची नक्षी ओढली जाते. म्हणून हिमरूचा बटवा अस्तराशिवाय करूच नये. कापायच्या आधी मागून पातळ बकरम इस्त्रीने चिकटवायचं, मग कैची लावायची. नाहीतर कड डोळ्यांदेखत सुटत जाते. अस्सल हातमागाच्या पैठणीची गोष्ट वेगळी. तिच्या पदरावरचा मोर किंवा मुनिया दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्या धाग्यात गुंतवून विणलेला असतो. मागे लोंबणारं काही नाही. ‘पैठणी’ म्हणून स्वस्तात गळ्यात मारल्या जाणाऱ्या यंत्रमागावरच्या कापडाची पारखही याच पाठीमागच्या बाजूवरून करता येते.

धडधाकट पैठणी कापू नये, हे सांगायला नको. पण घडीवर विरलेली, नेसता न येणारी एखादी कपाटात असतेच. जुनी जर वजनावर घेणारे दारावर येतात. त्यांना ती देण्याआधी काठाची हातभर पट्टी वाचवावी. त्या पट्टीची चंची होते. नऊ इंच रुंद आणि फूटभर लांब कापड, आतून सुती अस्तर, खालचा भाग वर दुमडून तीन-चार उभ्या शिवणींनी केलेले कप्पे आणि गुंडाळून बांधायला नाडी. पूर्वी त्यात पान, सुपारी, कात, लवंग असायची. आता प्रवासात कानातले आणि साखळ्या, औषधांच्या पट्ट्या किंवा शिवणाऱ्या मैत्रिणीच्या सुया आणि कैची ठेवायला तिच्यासारखी दुसरी सोय नाही.

दोन-चार बारशांना असा बाळंतविडा गेला की विचारणा सुरू होते: ‘माझ्या नणंदेला हवाय, किती घ्याल?’ ‘पिको-फॉल करून मिळेल’ अशी पाटी लावलेल्या कित्येक घरांची सुरुवात अशीच झालेली असते. पुढे खरोखर व्यवसायच करायचा ठरला तर १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज मिळू शकतं. घरटी एकालाच, आणि हौस म्हणून शिवणाऱ्यांसाठी नाही. भाव सांगताना बायका कापड आणि दोऱ्याची बेरीज करतात आणि तिथेच थांबतात. हातशिलाईचे तास त्या धरतच नाहीत, मग तीन आठवड्यांची गोधडी बाजारातल्या चादरीच्या भावात जाते. पहिल्याच ऑर्डरला कापड कोण देणार, आधी धुऊन कोण आणणार आणि शिलाई किती, हे तिन्ही वहीत लिहून समोरच्या बाईला वाचून दाखवावं.