जॅझ, बादली आणि आमचे आजोबा

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझी शाळा पाचगणीची, कॉन्व्हेंट. वाईहून रोज सकाळी एसटीने पसरणीचा घाट चढायचा, दिवसभर इंग्लिश, आणि संध्याकाळी घाट उतरला की मराठी, असं दहा वर्षं चाललं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. विषयही जरा आगाऊ आहे : जॅझ! "मराठी विभागात जॅझ कशाला गं?" असं संपादक मंडळानेही विचारलं. उत्तर पुढे आहे. वाचा, मग ठरवा.

गोष्ट सुरू झाली सेकंड इयरच्या सबमिशनच्या आठवड्यात. रात्रीचे दोन वाजलेले. मी मैत्रिणीचं जर्नल 'रेफर' करत होते (कॉपी म्हणायचं नसतं!). तेवढ्यात शेजारच्या रूममधल्या सीनियर ताईने स्पीकरवर काहीतरी लावलं. ट्रम्पेट एकीकडे, बास गिटार दुसरीकडे, आणि खाली ड्रम की तबला तेच कळेना. मेसमध्ये भांड्यांची मांडणी कोसळली की काय असं वाटलं. मी भिंतीवर दोन थापा मारल्या. ताई दारात आली आणि शांतपणे म्हणाली, "थांब जरा. आता बाई गाणार आहेत."

आणि खरंच एक बाई गायला लागल्या. माझं पेन थांबलं. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. गंगापुरीतल्या आमच्या घरी रविवारी सकाळी बंबात पाणी तापत असताना आजोबांच्या टेपवर हाच आवाज लागायचा. शोभा गुर्टू! ठुमरी-दादऱ्याची सम्राज्ञी या भांड्यांच्या दुकानात काय करत होती?

त्या अल्बमचं नाव 'उसफ्रेट', साल १९८८. ड्रम आणि तबला वाजवणारा माणूस त्रिलोक गुर्टू, शोभाताईंचा मुलगा. ट्रम्पेटवर डॉन चेरी. आई मुलाच्या बँडमध्ये गात होती, एवढंच. पण त्या 'एवढंच'च्या मागे लागून माझं अख्खं वर्ष गेलं (एम-थ्रीचा पेपरही गेला, पण ते जाऊ दे).

आता थोडी थिअरी. जॅझ म्हणजे नेमकं काय? गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, मुख्यतः न्यू ऑर्लिअन्सच्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये, हे संगीत आकाराला आलं. ऐकायला गोंधळ वाटतो, पण आतमध्ये हिशोब पक्का असतो. आधी सगळे मिळून एक धून वाजवतात. मग एकेक जण त्याच सांगाड्यावर मनाने, तिथल्या तिथे सुचेल ते वाजवतो. शेवटी पुन्हा सगळे धुनेवर येतात. साधा ब्लूज बारा बारचा असतो. एका बारमध्ये चार मात्रा धरल्या तर हे ४८ मात्रांचं आवर्तन झालं. तबलजी समेवर येतो तसे हे लोक पहिल्या बारवर येतात. म्हणजे बंदिशीचा मुखडा, मग विस्तार, मग परत मुखडा. फरक एवढाच की आपल्याकडे राग तोच राहतो आणि खाली तंबोरा एकच षड्ज धरून असतो. त्यांच्याकडे पायाखालचे कॉर्ड सतत बदलतात आणि त्या बदलत्या जमिनीवर वाजवणाऱ्याला तोल सांभाळावा लागतो.

मग काही धाडसी मंडळींना हा सांगाडाही नकोसा झाला. १९५९ साली ऑर्नेट कोलमनने कॉर्डच्या ठरलेल्या क्रमाशिवाय वाजवायला सुरुवात केली. लोक भडकले. त्याच्या शेजारी छोटासा पॉकेट ट्रम्पेट घेऊन उभा असायचा तो हाच डॉन चेरी. त्याच साली डेव्ह ब्रूबेकचा 'टाइम आउट' आला. ब्रूबेक १९५८ च्या दौऱ्यात तुर्कस्तानला गेला होता, त्याच दौऱ्यात आपल्याकडेही आला होता. इस्तंबूलच्या रस्त्यावर त्याने नऊ मात्रांची एक लय ऐकली आणि तिच्यावर 'ब्लू राँडो आ ला टर्क' रचलं. आपण नऊ म्हटलं की तीन त्रिक नऊ करतो. हे दोन-दोन-दोन-तीन आहे. बोटांवर मोजून बघा, शेवटच्या तीनला ठेच लागतेच! जॉन कोल्ट्रेनने १९६१ मध्ये 'इंडिया' नावाचीच रचना वाजवली आणि पुढे मुलाचं नाव ठेवलं रवी, रविशंकरांवरून.

आणि आपल्याकडे? जॅझ आपल्याला परकं वाटतं, पण १९३० च्या दशकात मुंबईच्या ताज हॉटेलात अमेरिकेहून आलेले कृष्णवर्णीय कलाकार जॅझ वाजवत होते. त्यांच्याकडून ते गोव्याच्या वादकांनी उचललं आणि त्यांच्यामार्फत ते सिनेमात शिरलं. ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट हे गोव्याचेच. सी. रामचंद्रांच्या संगीतात त्यांचा मोठा हात होता. भगवानदादांचा 'अलबेला' (१९५१) तुमच्या आजी-आजोबांनी नक्की पाहिला असणार. म्हणजे त्यांनी जॅझ ऐकलं, फक्त त्याला जॅझ म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

१९७६ मध्ये 'शक्ती'चा पहिला अल्बम आला. इंग्लंडचा गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम आणि तबल्यावर आपले झाकीरभाई. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'शक्ती'च्या 'धिस मोमेंट'ला ग्रॅमी मिळालं आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीरभाई गेले. त्या रात्री आमच्या विंगमध्ये कुणी फारसं बोललं नाही.

आता पुन्हा गुर्टू घराण्याकडे. शोभाताई मूळच्या बेळगावच्या भानुमती शिरोडकर, जन्म १९२५. आई मेनकाबाई शिरोडकर नाचणाऱ्या-गाणाऱ्या, अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या. शोभाताईंना तालीम मिळाली ती खाँसाहेबांचे चिरंजीव कोल्हापूरचे भुर्जी खाँ यांच्याकडून. म्हणजे बघा, वाईहून हायवेला लागलं की कोल्हापूर, पुढे बेळगाव. आणि मी समजत होते की हे संगीत न्यूयॉर्कहून आलंय!

त्रिलोकचा जन्म १९५१ चा, मुंबईचा. घरी तबला आणि बाहेर रेकॉर्डवर हेंड्रिक्स आणि कोल्ट्रेन. त्याने एका मुलाखतीत मजेशीर गोष्ट सांगितली आहे. रेकॉर्डिंगमध्ये एकावर एक ट्रॅक चढवतात हे त्याला तेव्हा ठाऊकच नव्हतं. त्याला वाटायचं ऐकू येतंय ते सगळं एका दमात वाजवलेलं आहे. मग तोही तसंच वाजवायला शिकला! १९८४ मध्ये 'ऑरेगॉन' या बँडचा कॉलिन वॉलकॉट मोटार अपघातात गेला. हा अमेरिकन माणूस सतार रविशंकरांकडे आणि तबला अल्लारखाँकडे शिकलेला. त्याच्या जागी पुढे त्रिलोक आला. त्याचे व्हिडिओ जरूर बघा. ड्रमवाल्याचं स्टूल नाही, जमिनीवर गुडघा टेकून बसतो. समोर ड्रम आणि तबला एकत्र मांडलेले. आणि शेजारी चक्क पाण्याची बादली! झांज वाजवून पाण्यात बुडवतो, की सूर वाकत वाकत खाली येतो. (मेकॅनिकलवाल्यांनो, पाण्यात कंपनाची फ्रीक्वेन्सी का उतरते ते तुम्हीच सांगा. पाच मार्क.)

दिवाळीच्या सुट्टीत हे सगळं फोनमध्ये भरून मी घरी गेले. इथे दुसरी कबुली. आमचे आजोबा कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर कीर्तनाला तबल्याची साथ करायचे. मलाही त्यांनी शिकवायला घेतलं होतं. सहावीत असताना शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या, त्यांनी मला तबल्यापुढे मांडी घालून बसलेलं पाहिलं आणि हसल्या. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, "मला गिटार शिकायची आहे." आजोबा काही बोलले नाहीत. तबल्यावर गवसणी घातली आणि जोडी माळ्यावर ठेवली. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात अजून नीट उचलत नाही. म्हणजे डग्गा गेला.

मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला. दोन मिनिटांनी म्हणाले, "शोभाताई गातायत ते ठीक. पण मागे हा स्वयंपाकघर कशाला वाजवतोय?"

मी म्हटलं, "आजोबा, तो त्यांचा मुलगा आहे."

जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "परत लाव."

तिसऱ्या वेळेला त्यांचा उजवा हात मांडीवर पडायला लागला. चौथ्या वेळेला ते मान हलवून म्हणाले, "पोरगा शिकलेला आहे. उगाच नाही वाजवत." आवडलं असं मात्र अजूनही म्हणत नाहीत! पण संध्याकाळी त्यांनी बाबांना माळ्यावरून जोडी काढायला लावली. चुंबळी झाडल्या, उजव्या हाताने हातोडीचे चार घाव घालून तबला सुरात आणला आणि डग्गा माझ्याकडे सरकवला. "मी उजवा वाजवतो, तू डावा."

एका जोडीवर दोघं. पहिला आठवडा साधा तीनतालही जमला नाही. मी घाई करायचे आणि ते म्हणायचे, "माझं ऐक आधी. हात नंतर." तेव्हा मला जॅझ समजलं असं वाटतं. दुसऱ्याचं ऐकत ऐकत आपलं वाजवणं, हीच त्यातली खरी अवघड गोष्ट. पुस्तकात 'इम्प्रोव्हायझेशन' वाचून ती कळली नव्हती.

म्हणून माझं साधं म्हणणं असं. पहिल्या फटक्यात आवडलेलं गाणं छानच असतं, पण बहुतेकदा पुढच्या सेमिस्टरपर्यंत पुरत नाही. जे पहिल्यांदा खटकतं आणि तरी आपण परत लावतो, ते टिकतं, कारण तेवढ्यात आपला कान बदललेला असतो. आणि बदललेल्या कानाला घरातली जुनी कॅसेटही नव्याने ऐकू येते. त्रिलोकसुद्धा जग फिरला, पण आईचा आवाज सोबत घेऊन.

सुरुवात करायची असेल तर 'टेक फाइव्ह' घ्या आणि पाच मात्रा मोजा, तीन-दोन अशा. मग माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू'. मग 'शक्ती'चा 'अ हँडफुल ऑफ ब्यूटी'. शेवटी 'उसफ्रेट'. एका वेळी एकच वाद्य धरा आणि त्याच्या मागे जा. कंटाळा आला तर बंद करा, पण दुसऱ्या दिवशी परत लावा. निदान तीनदा.

शोभाताई २००४ मध्ये गेल्या. आजोबांची कॅसेट आता घासून खरखरते. आमचं दोघांचं अजून समेवर एकत्र येणं दहातून सहा वेळा होतं. उत्सवापर्यंत आठ करायचं ठरलंय.

आणि हो, सबमिशनच्या आठवड्यात रात्री दोन वाजता आमच्या रूममधून भांडी पडल्यासारखा आवाज आला, तर कृपया भिंतीवर थापा मारू नका. दार वाजवा. आत या. बाई गाणार आहेत.