नानावटीचा राग आणि मधले तीन तास

मागच्या शनिवारी कोलाड नाक्याजवळ आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, चहा झाला आणि कुणीतरी मोबाईलवर 'ये रास्ते हैं प्यार के' लावला. 1963 चा काळा-पांढरा सिनेमा. सुनील दत्त, लीला नायडू आणि रेहमान. तरुण मुलींनी अक्षय कुमारचा 'रुस्तम' पाहिलेला, त्यामुळे त्यांना गोष्ट लगेच ओळखू आली. नवरा नौदलात, बोटीवर. मागे बायकोचं मन दुसऱ्याकडे वळतं. नवरा परत येतो आणि गोळी चालते.

आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "असं कळल्यावर कुठल्या पुरुषाचं डोकं फिरणार नाही?" झालं, गटात दोन तट पडले. म्हणून आज खरा खटला सांगते, कारण सिनेमाच्या सुरुवातीला 'सगळं काल्पनिक' अशी पाटी असली तरी गोष्ट आली मुंबईच्या कोर्टातूनच.

27 एप्रिल 1959. कमांडर कावस नानावटी घरी होते. त्यांची बायको सिल्व्हिया हिने प्रेम आहुजाशी आपले संबंध असल्याचं त्यांना सांगितलं. आता पुढचं नीट ऐका. नानावटींनी बायकोला आणि मुलांना गाडीतून मेट्रो टॉकीजला सोडलं. सहा वाजता न्यायला येतो म्हणाले. मग बोटीवर गेले. रात्री एकट्यानं गाडी चालवत अहमदनगरला जायचंय अशी थाप मारून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या. तिथून आहुजाच्या ऑफिसात. तो तिथे नाही, म्हणून त्याच्या घरी. दुपारी चारनंतर तीन गोळ्या सुटल्या आणि आहुजा मेला. नानावटी स्वतःच पोलिसांकडे गेले.

तेव्हा खटल्यात ज्युरी असे, म्हणजे निवाडा सांगायला बसवलेली नऊ साधी माणसं. त्यातल्या आठ जणांनी 'दोषी नाही' म्हटलं. बाहेर लोकही नानावटींच्याच बाजूचे. 'ब्लिट्झ' साप्ताहिकानं तर त्यांना उचलूनच धरलं होतं. पण न्यायाधीशांना तो निकाल पटला नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टानं खून ठरवून जन्मठेप दिली आणि 24 नोव्हेंबर 1961 ला सुप्रीम कोर्टानंही तीच कायम ठेवली.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. कायद्यात रागाला थोडी जागा आहे. कुणी अचानक आणि गंभीर चिथावणी दिली, माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटला आणि त्याच झटक्यात हातून जीव गेला, तर तो खून न धरता सदोष मनुष्यवध धरतात. शिक्षा तरीही होतेच. पण घरातून निघणं, टॉकीज, बोट, थाप, ऑफिस, मग घर, यात जवळपास तीन तास गेले. तेवढ्यात डोकं शांत व्हायला वेळ होता, आणि त्या वेळात बेत केलेला दिसतो, असं कोर्टानं म्हटलं. आपल्याकडे "राग आला म्हणून हात उचलला" म्हणतात ना, तेव्हा मला ही तीन तासांची गोष्ट आठवते. मधे कोयता शोधायला वेळ मिळाला असेल, तर तो झटका कसला?

सिनेमावाल्यांनी मात्र गोष्ट आपल्या सोयीनं फिरवली. 'ये रास्ते'मध्ये निकाल बदलला. 1973 च्या 'अचानक'मध्ये तर नवरा बायकोलाही मारतो. खऱ्या सिल्व्हियाला नवऱ्यानं हात लावला नव्हता. ती कोर्टात उभी राहिली, भर गर्दीत स्वतःचं सगळं सांगितलं, तेही नवऱ्याच्या बाजूनं. 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. पुढे नवरा, बायको, मुलं कॅनडाला गेली आणि तिथेच राहिली.

माफीआधी आणखी एका बाईची लेखी संमती घेतली होती: मेमी आहुजा, प्रेमची बहीण. गोळ्या सुटल्या तेव्हा ती त्याच घरात होती.