दक्षिण ध्रुवावरचा ट्रॅक्टर आणि आपले काळे रान

परतीचा पाऊस उशिरापर्यंत लांबला आणि त्यातच ऊसतोड सुरू झाली, की सोलापूर जिल्ह्यातल्या काळ्या रानात भरलेली ट्रॉली हमखास रुतते. मग चाकाखाली दगड, पाचट, फळी, हाताला येईल ते घातले जाते. चाक जितके फिरते तितके खोल जाते. भुसभुशीत बर्फातही गाडीचे नेमके हेच होते. बर्फाळ देशांतल्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी त्यावर जो तोडगा काढला, तो उन्हाळ्यात चाळिशी पार करणाऱ्या आपल्या जिल्ह्यानेही समजून घ्यावा असा आहे.

सत्तर किलोचा माणूस उभा राहिला की त्याचे वजन दोन तळव्यांच्या साधारण चारशे चौरस सेंटिमीटरवर पडते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १७५ ग्रॅम. पायांना स्की म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या लांब पट्ट्या-फळ्या बांधल्या की तेच वजन सातपट जागेत पसरते आणि दाब २५ ग्रॅमवर येतो. वजन तेवढेच, तरी माणूस बुडत नाही. गाडीलाही हाच हिशेब लागू पडतो. फक्त गाडीला पुढे ढकलणारी पकडही लागते, म्हणून मागे चाकांभोवती फिरणारा पट्टा आणि पुढे स्की अशी विभागणी झाली. इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर असलेल्या गाडीत पुढची चाके गाडी ओढत नाहीत, नुसती वळवतात. त्यांच्या जागी स्की बसवली की ती बर्फ न उकरता वरून सरकते आणि दिशाही देते. मागचा पट्टा आपल्या दात्यांनी बर्फ धरतो.

रशियाच्या झारच्या मोटारखान्यात काम करणाऱ्या आडोल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने असा लवचीक पट्टा मोटारींना बसवला. पुढे सित्रोएन कंपनीने त्याच्या पट्ट्यांच्या गाड्या सहारा वाळवंटातून नेल्या. बर्फासाठी घडवलेली वस्तू वाळूतही चालली, कारण दोन्हीकडे जमीन पोकळच. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या व्हर्जिल व्हाइटने फोर्डच्या मॉडेल टी गाडीसाठी स्की आणि पट्ट्यांचा जोडसंच विकायला काढला. हिवाळा संपला की स्की काढून पुन्हा चाके लावायची.

कॅनडातल्या क्वेबेकच्या जोसेफ आर्मां बोंबार्डिए यांची गोष्ट मात्र चटका लावते. १९३४च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद होते, दवाखाना गाठता आला नाही आणि मूल दगावले. बर्फावर चालणारे वाहन बनवण्याचा त्यांचा खटाटोप आधीपासून चालू होता; तीन वर्षांत त्यांनी रबरी पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे पेटंट मिळवले. स्की आणि पट्ट्यांच्या त्यांच्या बंदिस्त गाड्यांतून पुढे डॉक्टर, टपाल आणि शाळेची मुले जाऊ लागली.

आपल्या शेतकऱ्याच्या सर्वांत जवळची गोष्ट ४ जानेवारी १९५८ची. त्या दिवशी एडमंड हिलरी ट्रॅक्टर घेऊन दक्षिण ध्रुवावर पोचले. ते होते फर्ग्युसन कंपनीचे शेतीचे ट्रॅक्टर, जेमतेम २८ अश्वशक्तीचे. आपल्याकडे ज्याला ‘मॅसी’ म्हणतात त्याच घराण्यातले. पुढच्या-मागच्या चाकांभोवती मिळून एकच पट्टा गुंडाळला होता आणि मध्ये आधाराला एक जादा चाक होते. पट्ट्यात अडकल्यामुळे पुढची चाके वळत नसत. मग डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा दाबून ट्रॅक्टर वळवायचा. नांगरताना बांधाच्या कडेला आपला ट्रॅक्टरवाला हेच करतो.

पट्ट्याला किंमतही मोजावी लागते. वेग घटतो, इंधन जास्त लागते, टणक रस्त्यावर रबर झिजते. शिवाय आजचे त्रिकोणी पट्टे चाकाच्या जागी थेट बसतात, तेव्हा पट्ट्याची चौकट गरगर फिरू नये म्हणून ती आडव्या दांड्याने गाडीला अडकवावी लागते. म्हणून काहींनी दुसरा मार्ग धरला. गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन केंद्राचे तेव्हाचे संचालक रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली २०१०मध्ये भारतीय पथक दक्षिण ध्रुवावर गेले, ते प्रचंड रुंद टायरांच्या गाड्यांतून. अशा टायरांत भुसभुशीत बर्फावर हवा दोन-चार पीएसआयपर्यंत उतरवतात.

या आकड्यातच आपल्या कामाची गोष्ट आहे. टायर जमिनीवर साधारण आपल्या आतल्या हवेइतकाच दाब देतो. उसाच्या ट्रकच्या टायरात शंभर पीएसआयच्या आसपास हवा असते, आणि असा ट्रक वाफसा नसताना थेट फडात उतरतो. तो रुततो हे डोळ्यांना दिसते, पण खालचा थर दाबून बसतो ते दिसत नाही. पुढच्या उसाची मुळे त्याच थरावर अडतात.

ऊसतोड यंत्रे चाकांची आणि पट्ट्यांची अशा दोन्ही प्रकारांत बनतात. कारखान्यांनी आणि यंत्रमालकांनी खरेदी करताना अश्वशक्तीच्या आधी जमिनीवरचा दाब विचारावा. आणि शेतकऱ्यांनो, वाफसा नसेल तर ट्रक बांधावरच थांबवा.